खिडकीकडे बघणारी मुलगी

तराजूच्या खोलीत वारा चालत नाही. तिथे पंखा नसतो, खिडकी उघडायची नसते आणि मोठ्याने बोलायचंही नसतं, कारण काचेच्या पेटीतले ते तराजू एखाद्याच्या श्वासानेसुद्धा बिथरतात. रसायनशास्त्राच्या बाई रोज सकाळी पहिल्या तासाआधी या खोलीत शिरून दार लावून घेत. बाई प्रॅक्टिकलची तयारी करतात असा सगळ्यांचा समज होता. खरं तर बाई डोळे मिटून मुलांचं भलं चिंतत असत.

याची सुरुवात एका जिन्यात झाली होती. मागच्या वर्षी शाळा सुटताना बाई खाली उतरत होत्या आणि वळणाच्या पलीकडे दोन मुलं बोलत होती. "लिटमस शिकवते झकास," एकजण म्हणाला, "पण तिला आपण आवडत नाही रे." मुलं आपल्याला लिटमस म्हणतात हे बाईंना ठाऊक होतं. राग आला की त्यांचं नाक लाल होई. त्या नावाचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण ते अचूक होतं. पुढचं वाक्य मात्र त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलं. तेही अचूक आहे की नाही, हे कसं तपासायचं ते त्यांना कळेना.

घरी नणंद होती. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करून आली की ती अर्धा तास भिंतीला टेकून मैत्रीभावनेला बसायची.

"मग? आवडत नाहीत का तुला मुलं?" तिने विचारलं.

"मला रसायनशास्त्र आवडतं. मुलं त्याच्याबरोबर येतात."

"म्हणजे लग्नाबरोबर सासर येतं तशी."

"तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही."

"सांगितलंस ते बरं केलंस, वहिनी. इतकी वर्षं वाट बघत होते मी."

मग तिने बाईंना मैत्रीभावना शिकवली. आधी स्वतःसाठी मागायचं: मी सुखी असावं, सुरक्षित असावं, माझं मन शांत असावं. मग जवळच्या माणसाला समोर आणून त्याच्यासाठी तेच. मग असा एकजण, जो आवडत नाही आणि नावडतही नाही. मग डोकं उठवणारा. शेवटी सगळेच. "आणि रोज माणसं बदलत बसू नकोस," ती म्हणाली. "काही दिवस तीच ठेव."

जवळचं माणूस म्हणून बाईंनी नणंदेलाच घेतलं, पण तिला तसं सांगितलं नाही. डोकं उठवणारा शोधावा लागला नाही. अकरावीच्या शेवटच्या बाकावर सगळे ज्याला भोंगा म्हणत तो मुलगा होता. त्याचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर त्याच्या शंकांना तिकडून उत्तरं देत. अडचण आली ती मधल्या माणसाची. बाईंनी मनातल्या मनात एकेका बाकावरून नजर फिरवली. हा हुशार, ही आगाऊ, हा गृहपाठ आणत नाही. खिडकीजवळच्या मुलीपाशी नजर थांबली, कारण तिच्याबद्दल काहीच मनात आलं नाही. गुण बरे, वागणं बरं. शिकवताना ती बहुतेक वेळ खिडकीबाहेर बघत असे, पण विचारलं तर उत्तर देई. बाईंनी तिला धरलं.

तिथेच त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि ती कोणा दुसऱ्याच्या हातून झाली नसती. बाईंच्या डोक्याला प्रयोगांची सवय होती. प्रयोगात एक नळी कोरी ठेवतात. तिच्यात काही घालायचं नाही. बाकीच्या नळ्यांत काय बदललं ते तिच्याशी ताडून बघायचं. बाईंच्या हिशेबी ती मुलगी म्हणजे कोरी नळी होती. तिच्याशी आपली ओळख वाढली, ती आवडायला लागली किंवा खुपायला लागली, तर मधली जागा रिकामी होईल आणि पुन्हा शोधाशोध करावी लागेल. हे त्यांनी असं शब्दांत कधी मांडलं नव्हतं. तिला लांब ठेवायचं, एवढं फक्त त्या करू लागल्या.

भोंग्याच्या बाबतीत फरक लवकर दिसला. सुरुवातीला 'तू सुखी असावास' म्हणताना बाईंना दात आवळल्यासारखं होई. मग एकदा डोळ्यांपुढे आलेल्या भोंग्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं दिसलं, आणि वर्गात गेल्यावर पाहिलं तर ते खरंच तुटलेलं होतं. हे आपण कधी पाहिलं होतं? त्या दिवशी तो मागून ओरडला, "बाई, वर्गातला ऑक्सिजन संपलाय." बाई म्हणाल्या, "मग तू सगळ्यात आधी बोलणं बंद कर, सगळ्यात जास्त तूच वापरतोस." वर्ग हसला, भोंगाही हसला. पुढे तो सुटीत प्रयोगशाळेत येऊ लागला. मोल म्हणजे काय ते त्याला कळत नव्हतं आणि कळत नाही हे ओरडून झाकायची त्याला सवय लागली होती. बाई त्याला रोज थोडं थोडं समजावू लागल्या.

"बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" त्याने एकदा विचारलं. "बरेच दिवस नाक लाल झालं नाही."

गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "काय हो, भोंग्याला दत्तक घेतलंत म्हणे."

"अजून कागदपत्रं व्हायचीत," बाई म्हणाल्या. आपण शिक्षकांच्या खोलीत विनोद केला, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्या दिवसभर खुशीत राहिल्या.

त्याच सुमारास खिडकीजवळची मुलगी तराजूच्या खोलीच्या दाराशी आली. बाई नुकत्याच तिच्याच टप्प्यातून पुढे सरकल्या होत्या. डोळे उघडले तर दाराच्या काचेतून तोच चेहरा, थोडा वळलेला. पारड्याला कोणी बोट लावावं तसं बाईंना झालं.

"बाई, प्रॅक्टिकलबद्दल थोडं बोलायचं होतं."

"आत्ता नको हं बाळा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. "नंतर ये, निवांत बोलू."

नंतर ती मधल्या सुटीत आली तेव्हा भोंगा वही उघडून बसला होता. "उद्या ये ना, नक्की." दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाई पायऱ्या उतरत होत्या, त्यांनी चालता चालता तिच्या खांद्यावर हात ठेवला, हसल्या आणि पुढे गेल्या. त्यानंतर ती आली नाही. बाईंना सुटल्यासारखं वाटलं. सकाळी डोळे मिटले की तिचा चेहरा रोजच्यासारखा येई, खिडकीकडे वळलेला. बाई तिच्यासाठी सुरक्षितता मागत आणि पुढच्या टप्प्यावर जात.

एस्टरचं प्रॅक्टिकल होतं. दोन द्रव आणि थोडं आम्ल गरम पाण्यात ठेवलं की नळीतून पिकलेल्या फळासारखा वास येतो. मुलांना तो फार आवडतो. आधी बर्नरवर चंचुपात्रात पाणी तापवायचं, मग बर्नर बंद करायचे आणि ते बंद झाले की मगच स्पिरिट वाटायचं. सगळे बर्नर बंद आहेत हे बाई स्वतः टेबलाटेबलाशी जाऊन बघत. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी चुकवलं नव्हतं.

प्रयोगशाळेत जागा हजेरीच्या क्रमाने होत्या. खिडकीजवळची मुलगी आणि भोंगा एका टेबलावर आले होते. टेबल कडेला होतं आणि ती फळ्याकडे डावा खांदा करून उभी होती. बाई फळ्यावर समीकरण लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या, "आता सगळ्यांनी बर्नर बंद करा." गॅसचे कॉक फिरल्याचे आवाज आले. बाई टेबलांमधून फिरल्या. जिथे गडबड असे तिथे त्या थांबल्या, वाकून पाहिलं. कडेच्या टेबलाशी त्यांनी भोंग्याकडे बघितलं. तो शहाण्यासारखा हात मागे बांधून उभा होता. ते बघून त्यांना कौतुक वाटलं आणि त्या पुढे गेल्या. त्याच्या पलीकडे, मुलीच्या समोर, बारीक केलेली निळी ज्योत उन्हात दिसत नव्हती.

स्पिरिट वाटून झालं. भोंग्याने बाटली उचलली.

मोठा आवाज झाला नाही. कोणी चादर झटकावी तसं काहीतरी झालं आणि टेबलावर पिवळट उजेड पसरला. बाईंनी एका हाताने मुख्य कॉक बंद केला, दुसऱ्या हाताने भोंग्याला नळाखाली ओढलं. लॅबवाल्या काकांनी ओलं पोतं टाकलं. टेबल विझलं. भोंग्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला होता आणि इतक्या मोठ्या आवाजाचा तो मुलगा एक शब्द काढत नव्हता. नळाचं पाणी त्याच्या हातावरून वाहत होतं. बाईंना त्याचं तुटलेलं बटण दिसलं आणि त्या मुलीकडे वळल्या.

"बंद करा म्हटलेलं ऐकू येत नाही तुला? लक्ष कुठे असतं? बाहेर?"

सगळे वळून बघत होते. मुलगी बाईंच्या ओठांकडे बघत होती.

"डाव्या कानाने नाही येत," ती म्हणाली. "तेच सांगायला येत होते."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत पाचजण होते. भोंग्याचे वडील ट्रक चालवायचे. ते रात्रभराचा प्रवास अर्धा टाकून आले होते. मुलीची आई शिवणकाम करायची. तिच्या ओढणीला दोरा चिकटलेला होता आणि ती तो काढत होती. मुलगी तिच्यामागे उभी होती.

"पोराचा हात आहे हो तो," भोंग्याचे वडील म्हणाले. "डॉक्टर म्हणतात व्रण राहणार. उद्या त्याला स्टिअरिंग धरायचं म्हटलं तर?"

"चूक माझी आहे," मुलीची आई म्हणाली. "लहानपणी ताप आला, त्यात कान गेला. मीच तिला सांगितलं होतं, शाळेत बोलू नकोस म्हणून. एकदा सांगितलं की मग लोक तेवढंच बघतात."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना कोणाचंच नुकसान नको होतं. "मला वाटतं," ते म्हणाले, "आपण हिच्या सुरक्षिततेचा विचार करू. विज्ञानाला प्रयोगशाळा चुकत नाही. वाणिज्य शाखेत जागा आहे. प्रयोगशाळा हिच्यासाठी धोक्याची आहे असं बाईंनी मत दिलं की मी बदली करून देतो. विषय तिथेच संपेल. काय बाई?"

मुलगी बाईंकडे बघत होती, नेहमीसारखी जराशी वळून.

"मी उद्या सांगते," बाई म्हणाल्या. उद्या हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना तो ऐकू आला.

त्या संध्याकाळी नणंदेने चहा पुढे ठेवला आणि बाईंनी तिला सगळं सांगितलं. कोऱ्या नळीचं बाईंनी पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं.

"अगं वहिनी," नणंद म्हणाली, "मधलं माणूस मधलं राहू नये म्हणून तर ते करायचं."

"तू म्हणालीस, माणसं बदलू नकोस."

"मी म्हणाले, काही दिवस. त्या पोरीला डबीत घालून झाकण लाव असं नाही म्हणाले."

"तिच्यासाठी मी रोज सुरक्षितता मागत होते," बाई म्हणाल्या. "रोज, अगदी मनापासून. आणि माझी नजर तिच्या टेबलावर थांबलीसुद्धा नाही."

"मग आता काय मत देणार?"

"तिला काढलं तर माझं नाव कुठेच येत नाही."

"मी ते नाही विचारलं."

"आणि ठेवलं, आणि पुन्हा काही झालं तर?" बाईंचा चहा तसाच राहिला. प्रश्न खरा होता आणि त्याच्याआड लपणंही सोयीचं होतं. दोन्ही एकमेकांत विरघळले होते. किती खरं, किती सोयीचं, हे वेगळं काढायची रीत बाईंना माहीत नव्हती.

सकाळी मुलगी प्रयोगशाळेत आपला पांढरा कोट परत करायला आली. कोटाची घडी इस्त्री केलेली होती. बाई तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"समोरून पण कळतं," ती म्हणाली. "तोंड दिसलं की."

बाई समोर आल्या. "तू माझ्याकडे आली होतीस. मी ऐकून घेतलं नाही."

"हो."

"मी रोज सकाळी तुझा विचार करायचे." बोलल्याबरोबर ते किती विचित्र वाटतंय हे बाईंना कळलं, पण आता मागे घेता येत नव्हतं. "तू सुखी असावीस, सुरक्षित असावीस, असं. मनातल्या मनात. तुझा चेहरा समोर आणून."

मुलीने यावर विचार केला. "कसा यायचा चेहरा?"

"खिडकीकडे बघत असलेला."

"मी खिडकीकडे नाही बघत बाई. मी तुमच्याकडे कान करते."

बाहेर वर्ग भरत होते. खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. बाईंनी टेबलाच्या कडेला हात टेकला. इतके दिवस रोज सकाळी तो चेहरा त्यांच्यासमोर येत होता, आणि प्रत्येक वेळी तो ऐकत होता.

"तुम्ही रागावून हाकललं असतं तर बरं झालं असतं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त सांगत होती. "मी परत आले असते. पण तुम्ही इतकं गोड बोलायचात की काहीतरी मिळालं असं वाटायचं. तुम्ही नाही म्हणालात हे वर्गात जाऊन बसल्यावर कळायचं."

"विज्ञान सोडायचंय तुला?"

"नाही."

"भीती वाटत नाही?"

"वाटते ना. काल भोंग्याच्या घरी गेले होते. त्याच्या आईने दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं." तिने कोटाची घडी पुन्हा सारखी केली. "पण मला फळ्याजवळचं टेबल मिळालं असतं तर मी बर्नर बंद केला असता. एवढंच मागायला येत होते."

प्राचार्यांच्या खोलीत दोघांचेही पालक पुन्हा आले होते. बाई उभ्या राहूनच बोलल्या. बर्नर बंद झालेत की नाही हे बघणं माझं काम, ते मी केलं नाही. ही मुलगी मला कानाबद्दल सांगायला आली होती, एकापेक्षा जास्त वेळा. मी तिला टाळलं. टेबल बदललं आणि सूचना समोरून दिली तर प्रयोगशाळा तिला इतरांपेक्षा जास्त धोक्याची नाही. ती विज्ञान शाखेतच राहावी.

"टाळलंत? का?" प्राचार्यांनी विचारलं.

"कारण आहे, सर. पण सांगितलं तरी ते शहाणपणाचं होणार नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मी तुम्हाला सोपी वाट दिली होती. आता मला चौकशी लावावी लागेल."

"लावा."

"म्हणजे चूक तुमची," भोंग्याचे वडील म्हणाले.

"हो."

"मग त्या पोरीला कशाला पिटाळताय?" हे ते प्राचार्यांना म्हणाले. मग बाईंकडे वळले. "पण माझा पोरगा तुमच्या हाताखाली उभा राहणार नाही. घरी येऊन सारखा बाई अशा आणि बाई तशा. मला वाटलं, एक माणूस मिळालं त्याला. दुसऱ्या तुकडीत घाला त्याला, सर."

जाताना मुलीच्या आईने बाईंना नमस्कार केला नाही आणि बाईंना ते योग्य वाटलं.

भोंगा दुसऱ्या तुकडीत गेला. त्याच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. वऱ्हांड्यात समोरासमोर आले की तो आधी बाईंकडे, मग दुसरीकडे बघे. एकदा मात्र जाता जाता हळू आवाजात म्हणाला, "बाई, नाक लाल झालंय." बाईंनी मान हलवली. त्याचा आवाज इतका हळू निघू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत होण्याची ही वेळ नको होती. भिंतीपलीकडून गणिताच्या सरांची उत्तरंही येईनाशी झाली. बाईंचा वर्ग शांत झाला होता.

बाई तराजूच्या खोलीत बसायच्या थांबल्या नाहीत. पण मधल्या टप्प्याशी आल्या की त्यांना पुढे जाता येईना. समोर येणारी मुलगी आता सरळ बघत होती आणि तिला नुसतं 'सुरक्षित असावीस' म्हणून भागत नव्हतं. मग त्या उठत, दार उघडून प्रयोगशाळेत जात आणि फळ्याजवळच्या टेबलाचे कॉक तपासत.

चौकशीचा निकाल यायचा होता. तोवर प्रॅक्टिकल काकांच्या देखत घ्यायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलगी फळ्याजवळच्या टेबलाशी उभी राहिली. शेजारी कोणी उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून ती एकटीच होती. बाईंनी सूचना दिली, तिच्यासमोर जाऊन पुन्हा दिली, तिने कॉक फिरवला. बाईंनी वाकून बर्नरचं तोंड पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही.

बाई फळ्याशी आल्या आणि समीकरण लिहू लागल्या.

"बाई," मुलगी मागून म्हणाली, "फळ्याकडे तोंड करून बोलू नका."

बाईंचा खडू थांबला. आपण बोलत होतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वळल्या, वर्गाकडे तोंड केलं, आणि हात मागे नेऊन उरलेलं समीकरण न बघताच लिहायला लागल्या. अक्षरं वाकडीतिकडी येत होती, बाण भलतीकडेच चालला होता. मुलीने आधी बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग फळ्याकडे.

"बाण चुकला," ती म्हणाली.

"कुठे?" बाईंनी विचारलं आणि खडू तिच्यापुढे धरला.